मऊ बोल्ट



गेल्या हंगामात धान कापणी ऐन भरात असताना आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी रविवारच्या मिस्सानंतर अंगणात थांबून राहिले. सगळे पांगल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "फादर, माझ्याकडून पाप झालं का जी?" हे पापनिवेदनातले बोलणे नव्हे, ते तर मी इथे लिहिलेच नसते. अंगणात उभ्या उभ्या झालेली ही गोष्ट आहे. त्यांनी आणि ज्या मुलाच्या हाताची ही गोष्ट आहे त्यानेही ती लिहायला होकार दिला आहे. नाव मात्र कोणाचेच देत नाही. गावात ते कळेलच, पण कागदावर नको.

प्रश्न समजण्यासाठी आधी यंत्र समजले पाहिजे. त्यांच्याकडे ट्रॅक्टरला पुढून जोडायचे जुने रिपर आहे, तेही दुसऱ्याकडून घेतलेले. त्याचा कापणारा भाग म्हणजे जमिनीलगतची एक आडवी पट्टी. तिच्यावर त्रिकोणी पाती रिव्हेटने ओळीने बसवलेली असतात, एक पाते साधारण तीन इंचांचे. पट्टी डावीउजवीकडे झपाट्याने सरकते आणि पाती खालच्या स्थिर पट्ट्यांवर घासून कात्रीसारखी धान कापतात. कात्रीसारखी हे मी उगाच म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल नावाच्या धर्मशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने बागेतली कात्री बघूनच १८२८ च्या सुमारास कापणी यंत्र तयार केले. कोठारात माती आणून तिच्यात ओटची ताटे एकेक करून हाताने रोवली आणि त्यावर यंत्र चालवून पाहिले, अशी त्याची हकीकत सांगतात. पुढे तो पाळक झाला. त्याने यंत्राचे पेटंट घेतले नाही, ज्याला हवे त्याने बनवावे म्हणून. एका धर्मोपदेशकाने शेतकऱ्याचे कंबरडे वाचवायला डोके चालवले, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

तर आपल्या या शेतकऱ्याचे रिपर जुने. त्याचे मॉडेल आता निघत नाही, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. पण माणूस हातचा कसबी. पाती झिजली तेव्हा त्यांनी आरा गिरणीतल्या टाकून दिलेल्या पात्यातून नवी कापून काढली. ग्राइंडर चालवताना वरून पाणी सोडत राहिले, कारण पोलाद तापून निळे पडले की धार टिकत नाही. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, दोन पाती बिघडल्यावर कळले. एक स्प्रिंग सायकलच्या स्टँडची बसवली. एके ठिकाणी ट्रकच्या कमानीचा पाटा कापून लावला. दोन हंगाम यंत्र उत्तम चालले. मी एकदा त्यांच्या बांधीवर गेलो होतो तेव्हा त्यांनी मला सगळे दाखवले आणि शेवटी एका बोल्टवर बोट ठेवून म्हणाले, "हा पहिले रोज तुटायचा जी. आता तुटत नाही." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारी प्रवचनात, नाव न घेता, त्यांच्या कल्पकतेचे उदाहरणही दिले. तेव्हा या गोष्टीत मीही आहे.

तो बोल्ट म्हणजे शिअर बोल्ट. ट्रॅक्टरची ताकद ज्या दांड्यातून यंत्राकडे जाते त्या दांड्यात तो बसवलेला असतो आणि तो मुद्दाम मऊ पोलादाचा असतो. पात्यांत दगड अडकला की सर्वांत आधी तोच तुटावा, म्हणजे पुढचे सगळे सुटे होऊन थांबते. त्यांनी त्या जागी डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट टाकला होता. साध्या बोल्टवर बहुधा ४.६ असते. पहिला आकडा दुप्पट, म्हणजे ओढ सोसायची ताकदही दुप्पट. जुन्या काळी घोड्यांनी ओढायच्या गवत कापणी यंत्रांत पट्टी हलवणारा दांडा लाकडी असे. तो मोडतो म्हणून कोणी लोखंडी बसवला तर दांडा टिके आणि त्याच्यामागचे काहीतरी महागाचे फुटे. तीच ही चूक. पण इथे लोखंड फुटले नाही.

धुऱ्याजवळ दगड अडकला. ट्रॅक्टर घुरघुरून बंद पडला, गिअर तसाच राहिला. बोल्ट तुटला नाही, म्हणून दांड्यात पीळ भरून राहिला. इंजिन बंद आहे, सगळे शांत आहे असे पाहून मजुरीला आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तनस बाजूला केली आणि दगड उपसला. दगड निघाला तशी पट्टी तेवढ्यापुरती एक उडी सरकली. दोन बोटांची टोके गेली.

"पाप झालं का?" त्या दिवशी मी त्यांना घाईने "नाही, नाही, अपघात आहे" असे म्हणून टाकले. घरी येऊन स्वस्थ बसवेना. सांत्वन करणे हे माझे काम आहे, पण खोटे सांत्वन नाही.

सेमिनरीत आम्हाला अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पाचवा भाग शिकवला होता. त्यात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला आहे. दगड ओबडधोबड असला की ती पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वाकते. तो म्हणतो, कायदा सर्वांसाठी सरसकट लिहिलेला असतो, म्हणून कधीकधी नेमक्या प्रसंगी तो चुकतो आणि तेव्हा त्याला वाकवावे लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. ठेव परत करावी हा नियम खरा, पण ठेवायला दिलेली तलवार मागणारा भान हरपून आला असेल तर ती देऊ नये. नियमाचे अक्षर मोडून नियमाचा हेतू पाळायचा. सुटा भाग हाताने बनवणे मला याच जातीचे वाटते. कंपनीचा भाग म्हणजे लिहिलेला नियम आणि आपला भाग म्हणजे वाकवलेली पट्टी. जुगाड म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याच्या खिशात नव्या यंत्राचे पैसे नाहीत त्याला आपल्या बोटांनीच विचार करावा लागतो.

पण त्यात एक अट आहे. हेतू कळल्याशिवाय अक्षर मोडता येत नाही. पात्याचा हेतू त्यांना पुरता कळला होता, म्हणून आऱ्याचे पाते चालले. बोल्टचा हेतू मात्र त्यांनी उलटा वाचला. तुटणे हा त्या बोल्टचा दोष आहे असे त्यांना वाटले, मलाही वाटले. खरे तर तुटणे हेच त्याचे काम होते. आपल्या घरांतही असे होते. फ्यूजची तार रोज जाते म्हणून कोणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे काहीतरी ठोकून बसवले जाते. प्रत्येक वेळी आपण अडचण दूर केली असे समजतो, आणि ती अडचण म्हणजेच राखण होती हे आपल्या लक्षात येत नाही.

मग अज्ञानाने केलेल्या कृत्याचा दोष लागतो का? संत थॉमस यांचे उत्तर दोन तुकड्यांत आहे. जे कळणे शक्यच नव्हते त्याचा दोष नाही. जे कळून घेणे आपले कर्तव्य होते आणि कळून घेता आले असते, त्याकडे दुर्लक्ष केले तर मात्र दोष आहे. हा बोल्ट कोणत्या तुकड्यात पडतो? मी बरेच दिवस विचार केला आणि माझे मत असे झाले. बोल्ट रोज तुटत होता. एवढ्या वेळा तीच वस्तू तुटते तेव्हा "हे इथे का आहे?" असा प्रश्न एकदा तरी पडायला हवा होता. पात्याच्या बाबतीत त्यांनी दहा प्रश्न विचारले, कारण पाते चुकले असते तर त्यांचे स्वतःचे धान नीट कापले गेले नसते. बोल्टच्या बाबतीत एकही विचारला नाही, कारण तो चुकला तर हात पुढे करणारा दुसराच होता. हे त्यांनी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मनाची घडणच तशी असते, माझीही. मी टाळी दिली तेव्हा पट्टीपुढे माझा हात नव्हता.

म्हणून "पाप" हा शब्द फार जड वाटत असेल तर तो बाजूला ठेवू, पण देणे आहे. आपल्या देशात धोकादायक यंत्रांबाबतचा कायदा १९८३ मध्ये झाला, थ्रेशरसारख्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे. ज्याच्या नावावर बांधी नाही अशा मजुराला ती लागू होत नाही. म्हणजे सरकारचे हात जिथे पोचत नाहीत तिथे यंत्राच्या मालकाचे पोचले पाहिजेत, आणि ज्याने पाठीवर थाप मारली त्याचेही.

हेच मी त्यांना दुसऱ्यांदा भेटून सांगितले. पहिल्यांदा चूक सांगितले होते तेही कबूल केले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दवाखान्याचं झालं ते मी दिलं. पण रोवण्यात त्याला कोण बोलवंल?" हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. रोवणी बोटांनीच होते. आता त्या मुलाला ट्रॅक्टर शिकवायचे ठरले आहे. लायसन्सचा खर्च आम्ही दोघे वाटून घेत आहोत. मुलगा अजून पूर्ण राजी नाही, आणि तसे असणे हा त्याचा हक्क आहे.

रिपरमध्ये आता मऊ बोल्ट आहे. पाच जादा बोल्ट डब्यात आहेत. ज्यांच्याकडे रिपर, थ्रेशर किंवा रोटाव्हेटर आहे त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपापल्या यंत्राच्या दांड्यातला बोल्ट काढून सोबत आणावा. डोक्यावरचा आकडा एकत्र बसून पाहू. चहा धर्मग्रामातर्फे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू