जिंकलेली जागा नाकारणारा वकील



काम चांगले आहे, हेतू शुद्ध आहे, मग ते तडीस नेण्यासाठी थोडी वाकडी वाट धरली तर काय बिघडले? हा प्रश्न आपल्यालाही कधी ना कधी पडतो. हंगेरीतील एका वकिलापुढे तो १८४३ साली उभा राहिला.

फेरेंत्स डेआक यांचा जन्म १८०३ साली पश्चिम हंगेरीतील एका कॅथोलिक घराण्यात झाला. त्यांच्या जन्माच्या वेळीच आई वारली, वडीलही लहानपणीच गेले. थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. कायदा शिकून ते वकील झाले आणि १८३३ साली थोरल्या भावाच्या जागी संसदेत गेले.

त्या काळी हंगेरीत उमराव मंडळी कर भरत नसत. सारा भार गरीब रयतेवर पडे. स्वतः उमराव असूनही डेआक म्हणत की, हा अन्याय आहे, उमरावांनीही कर भरावा. १८४३ ची निवडणूक आली तेव्हा विरोधकांनी आमिषे दाखवून मते फिरवली. डेआक यांचे समर्थक चिडले आणि त्यांनीही तीच हत्यारे उचलली. मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडले. अखेर डेआक निवडून आले. पण त्यांनी ती जागा स्वीकारली नाही.

मित्रांनी खूप विनवले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. डेआक यांच्यासारखा जाणता माणूस बाहेर राहिला तर गरिबांची बाजू कोण मांडणार? आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून रयतेला वाऱ्यावर सोडायचे, हाही एक प्रकारचा स्वार्थ नव्हे का? खरेच, त्या संसदेत कराची सुधारणा झाली नाही. नकाराची किंमत डेआक यांनी एकट्याने मोजली नाही, ती रयतेनेही मोजली. हे आपण लपवू नये.

मात्र डेआक हात झटकून घरी बसले नाहीत. पुढे त्यांनी तो कर आपणहून स्वतःवर लावून घेतला. १८४८ साली उमरावांची करमाफी कायद्याने रद्द झाली, त्या वर्षीच्या मंत्रिमंडळात डेआक न्यायमंत्री होते.

१८४९ साली हंगेरीचा उठाव चिरडला गेला. माजी पंतप्रधान बॉत्यानी यांना गोळ्या घालण्यात आल्या. कोशूत परदेशी गेले. व्हिएन्नाच्या सरकारने १८५० साली डेआक यांना कायद्याच्या कामात सल्ला देण्यासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी नकार दिला. मग १८६५ सालच्या ईस्टर रविवारी एका वृत्तपत्रात त्यांचा निनावी लेख आला. सम्राटाशी समेट होऊ शकतो, असे त्यात सुचवले होते. १८६७ साली समझोता झाला. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण सामाईक राहिले, बाकी कारभार हंगेरीच्या हाती आला. डेआक यांनी मात्र पद घेतले नाही, मानसन्मानही घेतले नाहीत. पेश्त शहरातील एका हॉटेलच्या खोलीत ते साधेपणाने राहिले. १८७६ साली त्यांचे निधन झाले.

या समझोत्यावर कोशूत यांनी कडक टीका केली होती. देशातील स्लोव्हाक, रुमेनियन, सर्ब लोकांच्या मनातही सल राहिला. डेआक चुकत नव्हते, असे नाही.

मग १८४३ साली अडून बसणारा माणूस १८६७ साली तडजोड कशी करतो? मला वाटते, यात विसंगती नाही. तडजोडीत आपण आपले काही सोडतो, तेही सर्वांसमक्ष. लाच देताना आपण दुसऱ्याची विवेकबुद्धी विकत घेतो, तीही अंधारात. पहिलीत समोरच्याचा मान राहतो, दुसरीत तो माणूस वस्तू होऊन जातो. गरिबांचा कर हलका व्हावा म्हणून गरजूचेच मत विकत घ्यायचे, हे डेआक यांच्या मनाला पटले नाही.

समिती असो, संस्था असो वा घरातली वाटणी असो, कधी आपल्या बाजूचेच लोक आपल्यासाठी वाकडे वागून आपल्याला जिंकून देतात. विरोधकाचे पाप आपल्याला चटकन दिसते. आपल्या विजयात मिसळलेले पाप पाहायला मात्र धैर्य लागते. या आठवड्यात आत्मपरीक्षण करताना आपण स्वतःला विचारू या: माझ्या ताब्यात असलेली अशी कोणती जागा आहे, जी मला कशी मिळाली हे मी विचारतच नाही?