मागणाऱ्याची पात्रता

परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र व्यक्तीला दिलेले दान गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक ठरते. फळाच्या आशेने दिलेले राजस. मग सत्कार्यासाठी मागणाऱ्याची पात्रता कशावरून ठरावी? नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जिथे वर्गणी पीकपाण्यावर अवलंबून असते, हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गाडगे महाराजांनी लोकवर्गणीतून नाशिक, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र चिंध्या आणि गाडगे एवढ्यावर राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. जमवलेल्या निधीवर मालकी न सांगणे, हीच मागणाऱ्याची पात्रता. पाटीवरच्या नावासाठी आलेल्या राजस दानातूनही निवारा उभा राहतो, म्हणून ते त्याज्य नाही. दाता कामाची दिशा ठरवू लागला, की मात्र दानाचा सौदा होतो.