औदुंबर कशाचे रूपक?

गेल्या पावसाळ्यात माझी नात वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. शाळेत बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता झाली होती आणि घरून लिहून आणावयाचा प्रश्न होता, “औदुंबर हे कशाचे रूपक आहे ते स्पष्ट करा.” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही तर कीर्तनात रोज हेच करता. सांगा पटकन.”

रोज हेच करतो, हे खोटे नव्हते. चाळीस वर्षे टाळकऱ्यांच्या पुढे उभा राहून दुसरे काय केले? जाते आले की संसार, नाव आली की नाम, नदी आली की काळ. जीभ वळणावर पडलेली. मी सांगत सुटलो: औदुंबर म्हणजे योगी, काळा डोह म्हणजे मृत्यू, पांढरी वाट म्हणजे आयुष्य, गाव म्हणजे प्रपंच. पोर भराभर लिहीत होती. मध्येच पेन्सिल थांबवून तिने विचारले, “आणि झरा?” मी म्हटले, “झरा म्हणजे काळ.” “मग डोह मृत्यू कसा? डोह झऱ्याचाच ना? पाणी तेच, मग अर्थ दोन कसे?”

मला उत्तर सुचले नाही. तिच्या हातचे पुस्तक घेऊन कविता पुन्हा वाचली. खरे सांगायचे तर पहिल्यांदाच वाचली. आधी नुसती आठवली होती.

कविता आठच ओळींची. दोन्ही थडींना गवत, मधून सावळ्या पाण्याचा झरा. पलीकडे डोंगराच्या अंगाला इवलीशी वस्ती, तिच्यासमोर पिकांची दाटी. शेतांतून निघालेली एक पांढरी वाट वळणे घेत डोहाला जाते. डोहाचे पाणी काळे. आणि अगदी शेवटी, त्या पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर. एवढेच. कोणाला हाक नाही, कोणाला उपदेश नाही, ‘जसे हे तसे ते’ असा शब्द नाही.

आमच्या पाठशाळेत काव्यप्रकाशाचा दुसरा उल्लास सुरू झाला तेव्हा गुरुजींनी एक गोष्ट घोटून घेतली होती. शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाकडे जावयाचे, तर तीन गोष्टी हव्यात. सरळ अर्थाला अडथळा यावा, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध असावा, आणि तसे बोलण्याची रूढी असावी किंवा काही प्रयोजन असावे. ‘गंगेवर गवळ्यांची वाडी आहे’ म्हटले, तर वाहत्या पाण्यावर वाडी कशी राहील? अडथळा आला. म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ. आणि सरळ ‘काठ’ न म्हणता ‘गंगा’ का म्हटले? तर तिथला गारवा, तिथले पावित्र्य मनात यावे म्हणून. मम्मटाचे हे शास्त्र आम्ही वयाच्या पंधराव्या वर्षी पाठ केले, परीक्षाही दिली. आणि मग कीर्तनाला उभे राहिल्यावर पहिली अटच विसरलो. अडथळा आला आहे की नाही, हे न पाहताच सरळ अर्थाला निरोप!

आता या कवितेत अडथळा कोठे येतो ते पाहा. गावाला येत नाही. वाटेला येत नाही. डोहाला वाट जाते ती पाणी आणावयाला, गुरे धुवावयाला. डोह काळा, कारण खोल पाणी काळेच दिसते. राहता राहिले झाडाचे पाय. पण झाडाला पाय देणे हे का बालकवींनी केले? संस्कृतात झाडाला ‘पादप’ म्हणतात, म्हणजे पायांनी पाणी पिणारा. हजारो वर्षे वापरून तो शब्द इतका गुळगुळीत झाला, की त्यातले पाय आपल्याला दिसेनासे झाले. कवीने त्या शब्दात झोपलेले पाय जागे केले, इतकेच. त्यात उंबर हे पाण्याचेच झाड. ओढ्याकाठी, विहिरीच्या थाळ्यात ते आपोआप येते. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमीखालच्या पाण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत उंबर आहे. ज्याची मुळे काठावरून खरोखरच पाण्यात उतरलेली असतात, त्याने पाय पाण्यात सोडले असे म्हटले तर त्यात खोटे किती निघेल?

मग अडथळा उरला एका क्रियापदाला. झाड उभे असते. हे बसले आहे. तिथे मात्र माणूस दिसतो. दिवसभर राबून संध्याकाळी नदीवर आलेला, पाण्यात पाय सोडून काही न बोलता बसलेला माणूस. कवितेतली सारी किमया त्या एका बसण्यात आहे, आणि ती कवीने सर्वांत शेवटी राखून ठेवली आहे.

याला रूपक म्हणावे काय? शास्त्राप्रमाणे नाही. रूपकात दोन्ही वस्तू नाव घेऊन सांगाव्या लागतात आणि त्यांचा अभेद करावा लागतो. ‘मुख हाच चंद्र’ यात मुखही आहे, चंद्रही आहे. इथे माणसाचे नावच नाही. मग उरतात दोन अलंकार, आणि खरी गोम तिथे आहे. एक अन्योक्ती: बोलावयाचे असते माणसाविषयी, पण बोलतो झाडाविषयी. जगन्नाथपंडितांच्या भामिनीविलासाचा पहिला विलास अशा अन्योक्तींनी भरला आहे. तिथे कवी सिंहाला, कोकिळेला, झाडाला हाक मारून बोलतो आणि समोरचा राजा किंवा कोणी गर्विष्ठ मनुष्य काय ते समजतो. काम झाले की झाड गेले तरी चालते. दुसरा अलंकार समासोक्ती: बोलावयाचे असते झाडाविषयीच, पण त्याच्या वागण्यात माणसाचे वागणे डोकावून जाते. इथे झाड जाऊन चालत नाही. आनंदवर्धनांनी समासोक्तीचा विचार करताना म्हटले आहे, की तिथे सुचलेला अर्थ सांगितलेल्या अर्थाच्या मागून चालतो. मुख्यपण सांगितलेल्याकडेच राहते. ‘औदुंबर’ ही माझ्या मते शुद्ध समासोक्ती आहे. शाळेचा प्रश्न मात्र तिला अन्योक्ती धरून चालला होता, आणि मीही.

कोणी म्हणेल, “बुवा, अलंकाराचे नाव बदलल्याने काय होते?” त्याचे उत्तर पुढे येईल. आधी आणखी एका अर्थाचा निकाल लावू. या कवितेत उदासी आहे असे पुष्कळ जण म्हणतात, आणि त्याला कवीच्या आयुष्याचा आधार देतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०, गाव खानदेशातले धरणगाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळाले, आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. ऐकून कोणाचाही जीव कळवळेल. पण तो कळवळा आपला आहे, तो डोहात ओतून ‘पाहा, डोह दुःखाचा’ म्हणणे बरे नव्हे. डोहावरच्या काळेपणाला कवीने गोड म्हटले आहे, ते वाचावयाचे सोडून द्यायचे काय? (काळे आणि गोड एकत्र म्हटले की आम्हां माळकऱ्यांना विटेवरचा आठवणारच! पण तेही माझे झाले, कवितेचे नव्हे.)

याचा अर्थ झाडाचे कधी रूपक करूच नये, असा नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ घ्या. मूळ वर, फांद्या खाली. पहिल्याच पावलाला अडथळा. असे झाड जगात कोठे नाही. तिथे व्यासांनीच आपल्याला पिंपळाच्या पारावरून उठवून लावले आहे, आणि ज्ञानोबारायांनी संसारवृक्षाचा जो विस्तार केला तो करणे भागच होते. पण तुकोबा जेव्हा झाडावेलींना आपले सोयरे म्हणतात, तेव्हा अडथळा कोठे आहे? भंडाऱ्याच्या, भामगिरीच्या डोंगरावर ते खरोखर झाडांत बसत. सोयरे म्हणजे सोयरेच.

इथेच माझी चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. गावाचे नाव सांगत नाही. ओढ्याकाठी एक जुना उंबर होता, त्याच्याखालीच मंडप. मी तुकोबांचा तोच अभंग घेतला. उत्साहात अर्थ केला, की वृक्ष म्हणजे शांती, वेली म्हणजे भक्ती, वनचरे म्हणजे जिंकलेले विकार; आणि वर म्हणालो, “बाहेरच्या झाडात अडकू नका, बाबांनो, आतले झाड पाहा.” टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी गेलो तो उंबर नाही. तिथे घाट बांधला होता, कठडा होता, सिमेंटचा ओटा होता. मी विचारल्यावर तिथले एक जाणते गृहस्थ हसून म्हणाले, “बुवा, तुम्हीच म्हणाला होतात की, बाहेरच्या झाडात अडकू नका.”

ते थट्टेने बोलले असतील. झाड माझ्या बोलण्याने पडले असेही नाही. त्यांना घाट हवा होता. पण माझ्या निरूपणात त्या झाडाच्या बाजूने बोलणारा एकही शब्द नव्हता, हे मला नाकारता येईना. त्याच्या सावलीत उभा राहून मी सोयऱ्याचे सोयरेपण काढून घेतले होते. वस्तूला नुसती खूण केले, की तिचे आपल्यावर देणे उरत नाही. शांती कोणी कुऱ्हाडीने तोडत नाही, उंबर तोडतात.

आनंदवर्धनांनीच दिव्याचा दाखला दिला आहे. ज्याला उजेड हवा असतो तो वातीला जपतो. तसा ज्याला सुचलेला अर्थ हवा, त्याने सांगितलेल्या अर्थाला जपावे. आणि पुढे असेही, की दिव्याने घडा दिसला म्हणून दिव्याचा उजेड नाहीसा होत नाही. मी घडा दिसताच दिवा विझवीत होतो.

नातीला मी आधीचे सारे खोडावयास लावले. तिने लिहिले, “औदुंबर हे खरे झाड आहे. ते पाण्याजवळ वाढते. कवीला ते पाहून दमून बसलेल्या माणसाची आठवण होते, पण ते झाडच राहते.” बाईंनी शेरा मारला, ‘उत्तर अपूर्ण’. पोर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

अलीकडे झाडाचा अभंग घेतला की मी आधी श्रोत्यांना विचारतो, उंबर कोणी कोणी पाहिला आहे? खेड्यात सगळे हसतात. शहरात थोडेच हात वर होतात. मग मी सांगतो, की याची फळे फांदीच्या टोकाला नसतात, खोडालाच घोसांनी लगडतात. फूल बाहेर दिसत नाही, ते फळाच्या पोटात असते, आणि म्हणूनच पुष्कळ दिवसांनी भेटणाऱ्याला आपण उंबराचे फूल म्हणतो. म्हाताऱ्या बायका माना डोलावतात, पोरे पुढे सरकतात. यात निरूपणाचा वेळ मोडतो. व्यवस्थापक मंडळी मागून घड्याळ दाखवू लागतात.