दुपारचा सैतान आणि हातातली सुई



मे महिना आला की आपल्या वसईत सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात. वाडीतली कामे पहाटेच उरकायची आणि दुपारी घरात पंख्याखाली बसायचे. समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट, अंगाला सतत घाम. अशाच दुपारी आपल्या आई-आज्या गोधड्या शिवायला बसत. कडक उन्हात जुनी लुगडी धुऊन खडखडीत वाळतात आणि पावसाळ्याआधी घरातले पांघरूण तयार होते, असा त्यांचा साधा हिशोब होता. काही घरांतून आजही सुट्टीच्या दिवसांत दुपटी, उशांचे अभ्रे, कापडी पिशव्या शिवल्या जातात. बाकीच्या घरांतून दुपार कशी जाते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

ही दुपार वाटते तितकी निरुपद्रवी नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रिअस नावाचे एक मठवासी राहत होते. त्यांनी एका विशिष्ट मोहाचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि स्तोत्र ९१ च्या आधारे त्याला 'दुपारचा सैतान' म्हटले आहे. तो साधारण सकाळी दहाला येतो आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे माणसाला वाटू लागते. तो सारखा खिडकीतून डोकावतो. हातातल्या कामाचा वीट येतो. आपल्यावर कोणाचेच प्रेम उरले नाही असे वाटते आणि ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांची आठवण येते. एवाग्रिअस यांना मरण पावून सोळाशे वर्षे झाली, पण हे वर्णन आपल्या गावातल्या एखाद्या घराचेच वाटते. मुले परदेशी गेलेली, घर मोठे, बोलायला कोणी नाही आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत नाही. दुसऱ्या घरात माणसे चार आहेत, पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सैतान तोच, खिडकी तेवढी बदलली.

या मोहावर वाळवंटातल्या संतांनी जो उपाय सांगितला, तो अगदी घरगुती आहे. संत अँथनी, म्हणजे आपल्या ओळखीचे पादुआचे नव्हेत तर इजिप्तचे, एकदा असेच मनाने खचून बसले होते. विचार पाठ सोडत नव्हते. तारण कसे व्हावे, असे त्यांनी देवाला विचारले. थोड्या वेळाने बाहेर आले तर त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून काम करी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी, पुन्हा प्रार्थनेला उठे. तो देवदूत होता. असेच करत राहा, तुझे तारण होईल, असे त्याने अँथनींना सांगितले. हातात काम आणि ओठांवर प्रार्थना, एवढाच तो धडा. धावदोरा घालताना ज्यांनी माळेची प्रार्थना केली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एक टाका, एक नमो मरिया. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नावाच्या सुंदर गोधड्या शिवतात. त्यांच्यातल्या कॅथलिक भगिनी कधी कधी ठिगळांमध्ये क्रूसही शिवतात.

आता कोणी म्हणेल, "फादर, बाजारात तयार ब्लँकेट मिळते. मग महिनाभर बोटांना सुई का टोचून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने माणसाच्या दोन प्रकारच्या क्रिया सांगितल्या. एक म्हणजे वस्तू घडवणे. तिचे फळ बाहेर, त्या वस्तूत दिसते. दुसरी म्हणजे आचरण. तिचे फळ करणाऱ्याच्याच ठायी राहते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमांविषयी विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की, श्रमाचे मोल ठरवताना काय तयार झाले यापेक्षा ते काम एक माणूस करत आहे, हे आधी पाहावे. गोधडी शिवताना या दोन्ही गोष्टी होतात. बाहेर पांघरूण तयार होते आणि आत शिवणारीचा धीर वाढतो. बाजारातले ब्लँकेट ऊब देईल, पण ही दुसरी गोष्ट विकत मिळत नाही.

पवित्र शास्त्रात सुईचे हे काम थेट मृत्यूच्या दारापर्यंत जाते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ मध्ये यापो गावच्या टबीथाची, म्हणजेच दुर्कसची, हकिकत आहे. पास्काकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी आपण मिस्सामध्ये ती ऐकतो. ती आजारी पडून वारली. पेत्र आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व कपडे दाखवू लागल्या. त्यांनी तिच्याविषयी भाषण केले नाही. कपडे पुढे केले, तीच तिची साक्ष झाली. त्या काळी विधवेला आधार देणारे फार थोडे असत. अशा बायकांसाठी कोणीतरी बसून माप घेते, कापड बेतते, टाके घालते, याचा अर्थ त्यांना कळला होता: आपण कोणाच्या तरी मनात आहोत. आपण गेल्यावर लोक आपली कोणती वस्तू हातात धरून रडतील, हा प्रश्न या उताऱ्यातून प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आणखी एक गोष्ट. प्रभू येशूला ठिगळाचे शास्त्र माहीत होते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, नाहीतर फाटलेले अधिकच फाटते, असे तो मत्तयच्या ९ व्या अध्यायात सांगतो. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि जुने ओढून फाडते, हे गोधडी शिवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. प्रभूने हा दाखला उपवासाच्या प्रश्नावर दिला, पण आपल्या घरांसाठीही त्यात शिकण्यासारखे आहे. जुन्या गोधड्यांमध्ये दोन भावांचे लहानपणचे सदरे शेजारी शेजारी शिवलेले असतात, आणि तेच भाऊ आज जमिनीच्या वादामुळे एकमेकांच्या अंगणात पाऊल ठेवत नाहीत. अशा वेळी घाईघाईने वरवरचा समेट टिकत नाही. आधी आपला ताठा धुऊन, आटवून घ्यावा लागतो, मग टाका धरतो. यंदा कपाट आवरताना आईचे जुने लुगडे हाती लागले, तर दुसऱ्या भावंडाला फोन करा. दोघांच्या घरची दोन कापडे त्याला जोडता आली, तर त्याहून मोठी प्रार्थना कोणती?

हे केवळ भगिनींचे काम आहे, असे पुरुषांनी समजू नये. संत पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू बनवण्याचे काम करत असे आणि त्याच हातांनी पत्रेही लिहीत असे. मुलांनाही सुईत दोरा ओवायला द्या. आजीची नजर कमी झालेली असते, तिला ती मदत हवीच असते, आणि त्या निमित्ताने नातवंड तासभर तिच्याजवळ बसेल.

एक छोटी विनंती करतो. या महिन्यात प्रत्येक घराने स्वतःच्या घराबाहेरच्या कोणासाठी तरी एक लहानसे काही शिवावे. ओळखीच्या गरीब घरातल्या नवजात बाळासाठी दुपटे, एखाद्या आजारी माणसासाठी उशीचा अभ्रा, काहीही चालेल. कापड सुतीच घ्या, धुऊन मऊ झालेले. नायलॉन घाम टिपत नाही. टाके वाकडे आले तरी हरकत नाही. ते स्वतः नेऊन द्या आणि दहा मिनिटे तिथे बसा.

आदाम आणि हव्वा बागेबाहेर निघाले, तेव्हा परमेश्वराने स्वतः त्यांच्यासाठी वस्त्रे केली आणि त्यांना घातली, असे उत्पत्तीच्या ३ ऱ्या अध्यायात लिहिले आहे. ज्यांनी त्याचा शब्द मोडला, त्यांनाही त्याने उघडे जाऊ दिले नाही. तो दयाळू पिता तुमच्या दुपारी शांतीने भरो आणि तुमच्या हातांना आशीर्वाद देवो.

तुमचे प्रमुख धर्मगुरू