रूप, रोग आणि वैद्याचा विवेक

रूप सुधारण्यासाठी वैद्याने आपली विद्या वेचावी काय, हा प्रश्न निघताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. रोग बरा करणे हा वैद्याचा धर्म, नटविणे हे काम इतरांचे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ही वाटणी दिसते तितकी सोपी नाही.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, तशाच बसलेल्या नाकांवर व गळालेल्या भुवयांवरही केल्या. भुवईवाचून कोणाचे काम अडत नाही. पण रोग गेल्यावरही भुवई नसलेला चेहरा पाहून गाव माणसाला दूर लोटते. तेथे रूप परत देणे म्हणजे माणूस माणसांत परत आणणे होय. कोडाचेही तसेच. ते संसर्गजन्य नाही, दुखतही नाही. तरी जुळलेली लग्ने मोडते. त्यावरील उपचारांना नटवेपणा कोण म्हणेल?

मग दुःख हीच कसोटी मानावी काय? खरी अडचण येथेच आहे. सावळ्या मुलीचे दुःखही खोटे नसते. मात्र कोड हा त्वचेचा विकार आहे. सावळेपणा हा विकार नव्हे. विकार असलाच तर तो पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि नजरेच्या रोगाचे मलम मुलीच्या गालाला का लावावे? हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व मोमेटॅसोन यांचे मिश्रण हे वांगावर मोजके दिवस द्यावयाचे औषध. ते गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळले गेले. त्यातील स्टेरॉइडने कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ उठते आणि मलम थांबविताच चेहऱ्याची आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड-मलमांना वैद्याची चिठ्ठी आवश्यक केली. २०२० साली एका प्रख्यात मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. पण नियम निघाला म्हणजे प्रवृत्ती पालटली असे होत नाही, हे आपणां सरकारी नोकरांना कोणी सांगावयास नको.

सुरकुती घालवू पाहणाऱ्या जाणत्या माणसाला आम्ही दोष देत नाही. धोका आणि खर्च समजून घेऊन त्याने ती खुशाल घालवावी. वैद्याकडून आमची अपेक्षा एवढीच, की ज्या भयावरचा उतारा तो विकतो, ते भय त्याने वाढवू नये. ‘तुम्हांला रोग नाही,’ हे वाक्य त्याने आधी उच्चारावे. त्या वाक्याने त्याची फी बुडण्याचा संभव आहे. म्हणूनच त्याची परीक्षा तेथे होते.