मिसर देशातले पहिले गिऱ्हाईक



स्थलांतरित आणि निर्वासित यांच्यासाठी ख्रिस्तसभा १९१४ सालापासून दरवर्षी एक दिवस खास प्रार्थना करीत आली आहे. अलीकडे हा दिवस साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्यानिमित्ताने आपण आज नाताळची एक गोष्ट जरा अवेळीच काढू या.

तीन राजांचा सण झाला की आपण गव्हाणी उतरवतो, मूर्ती कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो. पण खरी अडचण त्यानंतरच सुरू झाली. संत मत्तय सांगतो की देवदूताने योसेफला झोपेतून उठवले आणि तो रातोरात बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाला निघाला. हेरोद मरेपर्यंत ते तिथेच राहिले. किती दिवस राहिले, कुठे राहिले, काय खाल्ले, यातले मत्तय काहीच सांगत नाही. माझी आजी म्हणायची, "राजांनी सोनं दिलं होतं ना, ते उपयोगी पडलं." आजीचे हे म्हणणे मला अजूनही पटते. संकट येण्याआधीच देवाने खर्चाची सोय करून ठेवली होती, आणि तीही परक्या माणसांच्या हातून.

पण सोने पुरणार किती? घरभाडे, तेल, पीठ, वाढत्या बाळाचे कपडे. योसेफ सुतार माणूस. रात्री पळताना करवत, रंधा, पटाशी बरोबर घेता आली असेल का? परका मुलूख, परकी भाषा. "हा कुठला? पळून का आला? काही भानगड तर नाही?" असे लोक कुजबुजत असणार. तरीही एके दिवशी कोणीतरी मिसरी माणूस मोडकी खाट नाहीतर दाराची फळी घेऊन त्याच्याकडे आला असेल आणि म्हणाला असेल, "एवढं करून दे." त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. योसेफचे ते परदेशातले पहिले गिऱ्हाईक.

सोने आणि गिऱ्हाईक. निर्वासिताला दोन्ही लागतात.

आधी सोन्याविषयी, म्हणजे सार्वजनिक पैशाविषयी बोलतो. कारण हा विषय निघाला की चांगली माणसेही कुरकुर करतात. "आम्ही कर भरायचा आणि सरकारने तो बाहेरून आलेल्यांना वाटायचा?" हे मी सभागृहात चहा पितानाही ऐकले आहे. अनुवादाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय घरी जाऊन वाचा. दर तिसऱ्या वर्षी पिकाचा दहावा हिस्सा गावाच्या वेशीच्या आत साठवून ठेवायचा आणि लेवी, उपरी, अनाथ व विधवा यांनी तो पोटभर खायचा, अशी तिथे आज्ञा आहे. हा हिस्सा देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. त्याच पुस्तकात चोविसाव्या अध्यायात दुसरी आज्ञा आहे: शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. पहिल्या आज्ञेत तयार धान्य मिळते, दुसरीत वाकून, वेचून, घाम गाळून मिळते. परक्या देशातली रूथ बेथलेहेममध्ये तशीच वेचत होती. देवाने दोन्ही सोयी केल्या.

हे सगळे फार जुने, फार दूरचे वाटत असेल तर नाशिकला जाताना शरणपूर रोडवरून जा. नावातच सगळे आहे. हे शरणपूर आपल्या अँग्लिकन बांधवांच्या मिशनने १८५४ साली वसवले. त्या काळी अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात. त्यांचे आईबाप कुठे, गाव कुठले, कोणालाच माहीत नसे. त्यांतली कितीतरी मुले शरणपूरच्या आश्रमात आली. त्यांच्या पोषणासाठी मुंबई सरकारकडून पैसा मिळे. पण मिशनरी नुसते पोषण करून थांबले नाहीत. मुलांना अक्षरे शिकवली, सुतारकाम शिकवले, लोहारकाम शिकवले. योसेफचा धंदा त्या पोरांच्या हाती दिला.

पुढे डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या सफरीवर निघाले तेव्हा त्यांनी इथली मुले बरोबर नेली. इतिहासात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तिथे होता. ते शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, पुढे शवाबरोबर थेट इंग्लंडला गेला, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावून चालला. गुलाम म्हणून विकले गेलेले हे पोर, नाशकात लिहायला शिकलेले! शरणपूरची पुष्कळ मंडळी १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअर टाउन या नव्या वसाहतीत गेली. आज त्याच शरणपूर रोडच्या बाजूला तिबेटी मार्केटात आपण स्वेटर घ्यायला जातो. तेही १९५९ नंतर देश सोडून आलेल्यांचे लोक. भाव करताना जरा आठवण ठेवावी.

आता आपल्या कॅम्पातले. फाळणीनंतर, आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर, सिंधी कुटुंबे बोटींनी मुंबईला आली. त्यांना ठेवायला जागा नव्हती. युद्ध संपल्याने लष्करी छावण्या रिकाम्या होत्या. कल्याणची छावणी १९४९ मध्ये उल्हासनगर झाली. देवळालीच्या बराकींतही ही कुटुंबे उतरली. एकेका खोलीत गोणपाटाचा पडदा लावून संसार मांडले गेले. केंद्र सरकारने सप्टेंबर १९४७ मध्येच पुनर्वसनासाठी वेगळे खाते काढले होते. १९४८ साली निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी स्वतंत्र संस्था कायद्याने उभी केली, आणि १९५४ साली नुकसानभरपाईचा कायदा आला. सुरुवातीला शिधा मिळे. मग कर्ज, शिवणयंत्र, धंदेशिक्षण अशी मदत येऊ लागली. तरीसुद्धा, माल घेणारा नसेल तर शिवणयंत्राचा उपयोग काय? कल्याण कॅम्पातली पोरे लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकत. तो माल घेणाऱ्या प्रवाशांनी निर्वासितांना मदत केली असे कोणी म्हणत नाही. त्यांनी गोळ्या घेतल्या, एवढेच. पण घरी भाकरी त्यावरच शिजली. आपल्या आजोबांनीही लाम रोडच्या आसपास कोणत्या तरी नव्या दुकानातून उधारीवर कापड घेतले असेल, कोणी पापड घेतले असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून पाहा.

कोल्हापूरजवळ वळीवडे येथे तर एकाच छावणीत दोनदा हेच घडले. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बाया आणि मुले. रशियातल्या हद्दपारीतून सुटलेले आपलेच कॅथलिक लोक. त्यांनी तिथे चर्च उभारले, शाळा चालवल्या. १९४८ पर्यंत ते देशोदेशी पांगले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीला गांधीनगर नाव पडले. आज तिथली कापडाची घाऊक बाजारपेठ सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आणि १९७१? त्या वर्षी पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी सरकारने नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावायला सांगितले. मार्च १९७३ पर्यंत ते चालू होते. ही तिकिटे छापली जात होती आपल्या शेजारी, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. आपल्यापैकी काहींचे वडील तिथे कामाला होते. गरीब बाई माहेरी पत्र टाकायची तेव्हा तिचेही पाच पैसे त्या छावण्यांना जायचे. सरकारी अनुदान म्हणून जे म्हणतात ते असे आपल्याच पदराच्या गाठीतून निघालेले असते. म्हणून ते देताना उपकाराची भाषा नको, आणि ते खर्च होताना 'सरकारचे आहे, जाऊ द्या' हीही भाषा नको.

इथे मला स्वतःचे एक सांगितले पाहिजे. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तिथली गोष्ट. मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार उसळला, हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यानंतर काही महिन्यांनी तिकडचे एक तरुण जोडपे माझ्या दारात आले. मी बसवले, चहा दिला, स्टोअरमधून तांदूळ, तेल, दोन ब्लँकेटे काढून दिली. मला बरे वाटले. उठताना तो मुलगा म्हणाला, "फादर, काम मिलेगा?" मी म्हटले, "देखेंगे." आणि खरे सांगतो, मी पाहिले नाही. नाताळची गडबड होती. त्याच आठवड्यात चर्चच्या कुंपणाला रंग द्यायचा होता. तो मी नेहमीच्या ठेकेदाराला दिला. त्या मुलाचा हात रंगाचा होता, हे मला पुढे दुसऱ्याच माणसाकडून कळले. तोवर ते दोघे निघून गेले होते. ब्लँकेटे मात्र घडी करून, घरमालकाकडे माझ्या नावाने ठेवून गेले.

मिसर देशात पवित्र कुटुंबाला मी भेटलो असतो तर मी सोने दिले असते, असे मला वाटते. खाट दुरुस्तीला दिली असती की नाही, याची खात्री वाटत नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५२ सालीच लिहून ठेवले आहे की मिसर देशात आश्रय घेतलेले नाझरेथचे कुटुंब हे सर्व काळच्या निर्वासित कुटुंबांचा आदर्श आणि आधार आहे. पोप फ्रान्सिस चार गोष्टी सांगत: स्वागत करा, रक्षण करा, त्यांची उन्नती करा, आपल्यात सामावून घ्या. आपण पहिल्या गोष्टीत बरे आहोत. तिसऱ्या गोष्टीपाशी आपले 'देखेंगे' सुरू होते.

तिथे सरकारही एकटे पुरे पडत नाही, याचे एक साधे कारण आहे. कोणत्याही योजनेचा अर्ज घ्या. नावाच्या खालची ओळ पत्त्याची असते. ज्याचे घर गेले तो तिथे काय लिहिणार? भाडेकरार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि खाते नाही म्हणून मंजूर झालेले पैसे येत नाहीत. दिल्लीहून निघालेला रुपया या एका ओळीवर अडतो. खोली देणारा घरमालक आणि शेजारी बसून अर्ज लिहून देणारा निवृत्त कारकून हे दोघे ती ओळ भरू शकतात. आपल्या धर्मग्रामात असे घरमालक आहेत. निवृत्त कारकून तर पहिल्या तीन बाकांवरच बरेच बसलेले दिसतात!

आपल्या भागात आज निर्वासितांची छावणी नाही. पण घर मोडून आलेली माणसे आहेत. कोणी पुरात शेत गेलेला, कोणी दंग्यातून निसटलेला, कोणी सुरगाणा-पेठकडून मुलाबाळांसह द्राक्षांच्या कामावर आलेला. ती आपल्या मिस्साला मागच्या दारापाशी उभी राहतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जातात.

पुढच्या रविवारपासून चर्चच्या मागच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ, एक वही ठेवली जाईल. तिच्यात दान लिहायचे नाही. कोणते काम आहे, किती दिवसांचे, मजुरी काय, आणि खोली असेल तर भाडे किती, एवढेच लिहायचे. मजुरी बाजारभावाने, गरज आहे म्हणून कमी नव्हे. अर्ज लिहून द्यायला ज्यांना वेळ आहे त्यांनी शेवटच्या पानावर नाव आणि वार लिहावा. पहिली नोंद मी स्वतः केली आहे: फादरांच्या घराच्या मागच्या भिंतीला रंग, चार दिवसांचे काम.