सर्व बदला?

संगणकावर लिहिणाऱ्यांना 'शोधा आणि बदला' ही सोय परिचित आहे. वर्डमध्ये कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबाव्यात, जुना व नवा शब्द द्यावा, की यंत्र क्षणात शेकडो ठिकाणी बदल करते. परंतु यंत्र अक्षरे ओळखते, अर्थ नव्हे. एखाद्या लेखातील 'पाप' काढून सर्वत्र 'चूक' घालावयास सांगा. 'पापणी'ची 'चूकणी' होईल, 'पापड'चा 'चूकड' आणि 'मोठे पाप'चे 'मोठे चूक'!

व्याकरण दुरुस्त करता येईल, अर्थाचे काय? घाईत हिशेबाचा आकडा चुकणे ही चूक होय; जाणूनबुजून मजुराची मजुरी बुडवणे ही चूक नव्हे. दोहोंना एकच सौम्य नाव दिल्याने मजुराचे पैसे त्याला परत मिळत नाहीत.

त्याच चौकटीत 'सर्व बदला'च्या शेजारी 'पुढील शोधा' हेही बटण असते. ते एकेका जागी थांबवते, वाक्य वाचावयास लावते आणि निर्णय आपल्यावर सोपवते. वाचकहो, आपल्या कृत्यांना नावे देतानाही असेच थांबावयास हवे. सदसद्विवेकबुद्धीचे काम सरसकट होत नाही.